निरभ्र सकाळचा धोका

काश्मीर खोऱ्यात हिवाळ्यातील हिमवृष्टी मुख्यतः भूमध्य समुद्राच्या दिशेने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे होते. असा एखादा विक्षोभ आला की गुलमर्गवरील आकाश दोन-तीन दिवस करडे राहते, देवदारांच्या फांद्या बर्फाच्या भाराने वाकतात, रस्ते बंद पडतात आणि गोंडोला थांबते. पर्यटक हॉटेलच्या खोलीत कांगडीजवळ बसून खिडकीबाहेर पाहत राहतात. मग एका पहाटे वारा पडतो, ढग विरतात आणि सूर्योदयाबरोबर अफरवतचा संपूर्ण उतार डोळे दिपवील असा शुभ्र दिसू लागतो. त्यावर अद्याप एकही पाऊल उमटलेले नसते. स्कीइंगसाठी दूरदेशांहून आलेली मंडळी याच सकाळची वाट पाहत असतात.

वादळ संपले, आता धोका टळला, असे पाहणाऱ्याच्या मनाला वाटते. हिमशास्त्र मात्र नेमके उलट सांगते. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले २४ ते ४८ तास हा हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वाधिक सावधगिरीचा काळ होय. आकाश निवळलेले असते, पण डोंगरावर नुकताच पडलेला भार अजून स्थिर झालेला नसतो. दृश्य सर्वांत मोहक आणि उतार सर्वांत अविश्वसनीय, असा हा विचित्र योग असतो.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील व्यापारी कुटुंबांमधून गुलमर्ग, सोनमर्ग, मनाली, औली येथे हिवाळी सहलींचे प्रमाण वाढले आहे. वडीलधारी मंडळी बर्फ पाहून आणि चार छायाचित्रे काढून समाधान मानतात, पण नवी पिढी स्कीइंगचे वर्ग लावते, परदेशात शिकताना आल्प्स किंवा रॉकीज पर्वतात जाते आणि राखलेल्या उतारांपलीकडच्या मोकळ्या डोंगराची ओढ बाळगते. या मोकळ्या डोंगराला इंग्रजीत ‘बॅककंट्री’ म्हणतात. तेथे दोर बांधलेले नसतात, पहारेकरी नसतात आणि स्फोटके लावून धोकादायक बर्फ आधीच पाडून टाकणारे पथकही नसते. तेथील प्रत्येक निर्णय जाणाऱ्याचा स्वतःचा असतो. तो कसा घ्यावा, हे म्हणूनच घरातील थोरामोठ्यांनीही समजून घेण्याजोगे आहे.

वरचा स्लॅब आणि खालचा ठिसूळ थर

हिमस्खलन म्हणजे डोंगराच्या टोकावरून गडगडत येणारा बर्फाचा गोळा, अशी सर्वसाधारण कल्पना असते. जोराने ओरडल्यास तो सुटतो, हा समजही चित्रपटांमुळे रूढ झाला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. माणसाच्या आवाजात बर्फ हलवण्याइतकी शक्ती नसते. माणसांचे बळी घेणारी बहुतेक हिमस्खलने ही ‘स्लॅब’ प्रकारची असतात. घराच्या स्लॅबप्रमाणे बर्फाचा एक सलग, एकसंध पाटा उतारावर पसरलेला असतो आणि त्याच्याखाली एक कमकुवत थर असतो. त्या थरात एका ठिकाणी बिघाड झाला की तो क्षणार्धात सर्व बाजूंना पसरतो, वरचा पाटा काच तडकावी तसा तडकतो आणि संपूर्ण उतार एकाच वेळी खाली सरकू लागतो. त्यावर उभा असलेला माणूस कडेला नसतो, तो मधोमध असतो. त्यामुळेच पळून जाणे बहुधा शक्य होत नाही.

हा कमकुवत थर तयार कसा होतो, हे जाणणे महत्त्वाचे आहे. निरभ्र आणि कडाक्याच्या थंडीच्या रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर दहिवर गोठते आणि पिसासारखे नाजूक, चमकदार स्फटिक उभे राहतात. सकाळच्या उन्हात ते अतिशय सुंदर दिसतात. त्यांच्यावर पुढच्या वादळाचा बर्फ पडला की ते गाडले जातात, पण नाहीसे होत नाहीत. पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे ते उभा भार काही काळ पेलतात, मात्र आडवा ताण बसताच कोसळतात. दुसरा प्रकार हिवाळ्याच्या प्रारंभीचा. बर्फाचा थर पातळ आणि हवा फार थंड असली की जमिनीलगतची ऊब व वरचा गारठा यांच्या फरकामुळे आतील कण आपले रूप बदलतात आणि साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात. ओंजळीत घेतले तर त्यांचा गोळा वळत नाही. अशा दाण्यांचा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो.

व्यापाऱ्याला हे उदाहरण परके वाटू नये. एखाद्या पेढीचा दर्शनी भाग झगझगीत असतो, माल भरलेला असतो, गिऱ्हाइकांची वर्दळ असते, पण जुन्या वह्यांमध्ये एक देणे दडलेले असते. जोवर त्यावर ताण येत नाही तोवर सर्व काही सुरळीत दिसते. नवा माल जितका अधिक भरावा तितका त्या देण्यावरील भार वाढत जातो. हिमवादळ डोंगरावर हेच करते. आजच्या पृष्ठभागावरून कालच्या थराची कल्पना येत नाही. त्यासाठी संपूर्ण हिवाळ्याचा जमाखर्च पाहावा लागतो.

वादळाचा हिशेब

तज्ज्ञ मंडळी वादळानंतर प्रथम तीन गोष्टी विचारतात. बर्फ किती पडला, किती वेगाने पडला आणि वारा कोणत्या दिशेचा होता.

चोवीस तासांत सुमारे ३० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक नवा बर्फ पडला असेल, तर ती धोक्याची ठळक खूण मानली जाते. हळूहळू पडलेल्या बर्फाला खालचा थर जुळवून घेतो, पण ताशी दोन-अडीच सेंटिमीटरहून अधिक वेगाने पडणारा बर्फ त्याला तेवढी सवड देत नाही. वारा तर याहूनही कपटी आहे. डोंगराच्या वाऱ्याकडील बाजूचा बर्फ उचलून तो मागील आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो, आणि आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगाने तो तेथे साठू शकतो. म्हणूनच गावात वीतभर बर्फ पडला असताना माथ्यामागच्या एखाद्या खोलगट उतारावर छातीएवढा बर्फ साचलेला असू शकतो. कड्याच्या टोकावर छज्जासारखा पुढे आलेला बर्फ दिसला, तर त्याखालच्या उतारावर वाऱ्याने भार टाकला आहे असे समजावे.

चौथी गोष्ट तापमानाची. वादळाचा प्रारंभ थंड आणि शेवट उबदार झाला, तर हलक्या बर्फावर जड बर्फ बसतो. कच्च्या भिंतीवर दगडी मजला चढवावा, तशी ती रचना होते. वादळानंतर ऊन एकाएकी तापले किंवा बर्फावर पाऊस पडला, तर घट्ट वाटणारा थरही सैल होतो. त्यामुळे सकाळी नऊ वाजता सुरक्षित असलेला दक्षिणाभिमुख उतार दुपारी एक वाजता सुरक्षित असेलच असे नाही. उत्तरेकडे तोंड करून असलेल्या सावलीतील उतारांचे दुखणे वेगळे. तेथे ऊन पोहोचत नसल्याने कमकुवत थर बरे होण्यास फार काळ लागतो.

डोंगर देत असलेल्या खुणा

सुदैवाने डोंगर बहुधा सूचना देतो. सर्वांत स्पष्ट सूचना म्हणजे आसपास नुकतेच झालेले दुसरे हिमस्खलन. समोरच्या त्याच दिशेच्या उतारावरून बर्फ घसरल्याची ताजी खूण दिसत असेल, तर यापेक्षा मोठा पुरावा शोधण्याचे कारण नाही. दुसरी सूचना पायाखाली मिळते. चालताना बर्फात लांबवर चिरा धावत गेल्या, तर वरचा पाटा ताणलेला आहे. तिसरी सूचना कानांना ऐकू येते. पाऊल टाकताच आतून खोल, दबका ‘हुम्म’ असा आवाज येतो आणि पायाखालची जमीन किंचित खचल्यासारखी वाटते. खालचा ठिसूळ थर कोसळल्याचा तो आवाज असतो. तो सपाटीवर ऐकू आला म्हणून माणूस वाचलेला असतो. हाच आवाज तीव्र उतारावर झाला असता, तर तो ऐकल्याचे सांगण्यास कोणी मागे उरले नसते.

जाणकार मंडळी बर्फात खड्डा खणून थरांची परीक्षाही करतात. ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोलीचा एक खांब कापून मोकळा करतात, त्याच्या एका टोकावर फावडे ठेवून प्रथम मनगटातून दहा, मग कोपरातून दहा आणि शेवटी खांद्यातून दहा थापा मारतात. तडा कितव्या थापेला गेला यापेक्षा तो खांबाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावला की नाही, याला अधिक महत्त्व आहे. धावला, तर उतारावरही तो तसाच धावेल अशी शक्यता धरावी लागते.

परंतु या परीक्षेला एक मोठी मर्यादा आहे. ती एका खड्ड्याबद्दल बोलते, संपूर्ण उताराबद्दल नव्हे. वीस पावलांवर थर वेगळा असू शकतो. अनेकांताची शिकवण लाभलेल्या वाचकाला हे सहज पटेल. एका बाजूने पाहिलेले सत्य खोटे नसते, पण ते अपुरे असते. म्हणून अनुभवी वाटाडे खड्ड्यातील वाईट निकाल पाहून परत फिरतात, पण चांगला निकाल पाहून निर्धास्त होत नाहीत.

पाच पायऱ्यांचा इशारा

जगातील अनेक पर्वतीय देशांत हिमस्खलनाच्या धोक्याचा इशारा पाच पायऱ्यांत दिला जातो. अल्प, मध्यम, लक्षणीय, तीव्र आणि अतितीव्र अशा त्या पायऱ्या आहेत. स्वित्झर्लंडमधील दाव्होसजवळ १९३६ पासून बर्फाचा पद्धतशीर अभ्यास सुरू आहे आणि तेथील संस्था रोज अशी सूचना प्रसिद्ध करते. भारतात हे काम संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंडीगड येथील संस्था, डिफेन्स जिओइन्फॉरमॅटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट, करते. मनालीची पूर्वीची हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये याच संस्थेत विलीन झाली. जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडमधील जिल्ह्यांसाठी तिचे इशारे वर्तमानपत्रांतूनही प्रसिद्ध होतात.

या पाच पायऱ्यांपैकी तिसरी पायरी फसवी आहे. पाचांतील तीन म्हणजे मधली, म्हणजे निम्मा धोका, असा हिशेब माणूस नकळत करतो. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीला धोका समान अंतराने वाढत नाही, तो कित्येक पटींनी वाढतो. तिसऱ्या पायरीचा अर्थ असा की तीव्र उतारावर एकट्या माणसाच्या वजनानेही स्खलन सुटू शकते. स्वित्झर्लंडमधील दीर्घकालीन नोंदींत सर्वाधिक बळी याच पायरीवर गेलेले दिसतात. पाचव्या पायरीला कोणी घराबाहेर पडत नाही, चौथीला फार थोडे पडतात, तिसरीला मात्र आकाश निरभ्र असते आणि ‘मधलाच तर धोका आहे’ म्हणून मंडळी निघतात.

टनेल क्रीकची सकाळ

या बाबतीत अमेरिकेतील एक घटना जगभर अभ्यासली जाते. वॉशिंग्टन राज्यातील कॅस्केड पर्वतात स्टीव्हन्स पास नावाचे स्कीइंगचे ठिकाण आहे. १९ फेब्रुवारी २०१२, रविवारचा दिवस. आदल्या दोन दिवसांत तेथे भरपूर बर्फ पडला होता. महिन्याच्या प्रारंभी निरभ्र रात्रींत तयार झालेला दहिवराचा नाजूक थर त्याखाली गाडला गेला होता. त्या दिवशीच्या इशाऱ्यात धोक्याची स्पष्ट सूचना होती. राखलेल्या उतारांच्या मागील बाजूस टनेल क्रीक नावाचा मोकळा उतार आहे. तेथे उतरण्यासाठी सोळा जणांचा गट जमला.

हे नवशिके नव्हते. त्यांत स्थानिक जाणकार होते, व्यावसायिक स्कीपटू होते, या खेळाचे वृत्तांकन करणारे पत्रकार होते. बहुतेकांजवळ बचावाची साधने होती. हा उतार अनेकांच्या पायाखालचा होता. वाटेत बर्फ सुटला आणि त्यात तिघांचा मृत्यू झाला. एक महिला स्कीपटू पाठीवरील हवेच्या फुगणाऱ्या पिशवीमुळे बर्फाच्या वर राहून वाचली. ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये या घटनेवर प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ वृत्तान्ताला २०१३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

त्या वृत्तान्तातून पुढे आलेली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट बर्फाविषयी नव्हे, माणसांविषयी आहे. गटातील अनेकांच्या मनात शंका आली होती. माणसे फार जास्त आहेत, आजचा दिवस बरा नाही, असे काहींना वाटले होते. पण प्रत्येकाने आजूबाजूला पाहिले, इतके जाणकार सोबत आहेत, ते काही बोलत नाहीत, मग आपणच का बोलावे, असा विचार केला आणि तो गप्प राहिला. ज्ञान प्रत्येकाजवळ होते, सावधपणाही होता, परंतु तो ओठांवर आला नाही.

मनाचे सापळे

अमेरिकेतील अभ्यासक इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातील ७१५ हिमस्खलन दुर्घटनांचा अभ्यास केला होता. यांपैकी बहुतेकांत धोक्याच्या खुणा उघड दिसत होत्या. तरीही माणसे पुढे का गेली, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी सहा सापळे नोंदवले. पर्वतारोहकांसाठी लिहिलेली ही यादी बाजारपेठेतील माणसालाही ओळखीची वाटेल.

पहिला सापळा परिचयाचा. या उतारावरून दहा वेळा गेलो, काही झाले नाही, मग आज काय होणार? जुन्या गिऱ्हाइकाला उधार देताना चौकशी न करण्याची चूक याच जातीची आहे. दुसरा कौतुकाच्या इच्छेचा. सोबत्यांनी, विशेषतः ज्यांच्यासमोर आपली छाप पडावी असे वाटते त्यांनी, आपल्याला भित्रा समजू नये म्हणून माणूस पुढे सरतो. तिसरा आधी केलेल्या निश्चयाचा. इतका खर्च केला, इतक्या लांब आलो, आता मागे कसे फिरायचे? बुडीत धंद्यात आणखी पैसा ओतणारा माणूस हेच म्हणतो. चौथा जाणकाराच्या वलयाचा. गटातील एकाला सर्व काही कळते, असे मानून इतरांनी स्वतःची बुद्धी गहाण टाकणे. पाचवा दुर्मीळतेचा. कोरा बर्फ आज आहे, उद्या इतरांच्या खुणा उमटतील, म्हणून घाई. सहावा गर्दीचा. पुढे दुसरे गेले आहेत, म्हणजे वाट सुरक्षित असणार. वस्तुतः आधीच्या पाच जणांखाली न सुटलेला पाटा सहाव्याखाली सुटू शकतो, कारण त्याचे पाऊल थर पातळ असलेल्या ठिकाणी पडते.

या सर्व सापळ्यांच्या मुळाशी एक गैरसमज आहे. सुखरूप परत आलो, म्हणजे निर्णय योग्य होता, असे माणूस समजतो. बर्फ चुकीची शिक्षा दर वेळी देत नाही. एखादा माणूस धोकादायक उतारावरून वीस वेळा जातो आणि वीसही वेळा शाबूत परततो. त्याला वाटते, आपले कौशल्य वाढले. वास्तविक वाढलेला असतो तो केवळ आत्मविश्वास. तारण न घेता दिलेले कर्ज नशिबाने वसूल झाले, म्हणून तारण घेऊच नये असे कोणी शहाणा सावकार म्हणणार नाही.

जैन परंपरेने या वृत्तीला ‘प्रमाद’ म्हटले आहे. प्रमाद म्हणजे अज्ञान नव्हे. माहीत असूनही जागृती सुटणे, हा प्रमाद. चौदा गुणस्थानांच्या क्रमात सहाव्या स्थानावरील मुनी सर्व महाव्रते धारण केलेला असतो, तरीही त्या स्थानाचे नाव ‘प्रमत्तसंयत’ असे आहे. अप्रमत्त अवस्था त्यानंतर, सातव्या स्थानी येते. व्रते घेतली, शास्त्र जाणले, तरी गाफीलपणा शिल्लक राहू शकतो, ही सूक्ष्म जाणीव त्या क्रमात आहे. टनेल क्रीकवर गेलेल्यांकडे ज्ञान कमी नव्हते.

मोजता येईल ते मोजावे

मग सामान्य माणसाने निर्णय घ्यावा तरी कसा? बर्फाच्या आतील थर दिसत नाहीत, खड्ड्याचा निकाल अपुरा असतो, मन दगा देते. अशा वेळी अनुभवी वाटाडे अनिश्चित गोष्ट बाजूला ठेवून निश्चित गोष्टीकडे वळतात. ती गोष्ट म्हणजे उताराचा कोन.

स्लॅब प्रकारची बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सपाट उतारावर पाटा सहसा घसरत नाही. त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ साठूनच राहत नाही, थोडाथोडा गळत राहतो. दुर्दैवाने स्कीइंगला सर्वांत आनंददायक वाटणारे उतार नेमके याच टप्प्यातील असतात. कोन मोजण्याचे छोटे साधन खिशात मावते आणि मोबाइलमध्येही ती सोय असते. डोळ्यांच्या अंदाजावर मात्र विसंबू नये. वादळानंतर शंका असेल, तर ३० अंशांहून कमी उतार निवडणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. अर्थात आपण उभे आहोत तो उतार सौम्य असून भागत नाही. त्याच्या डोक्यावर तीव्र उतार आहे का, वरून सुटलेला बर्फ येथवर पोहोचेल का, हेही पाहावे लागते. पायथ्याशी अरुंद नाला, झाडी किंवा कडा असेल, तर लहानसे स्खलनही जिवावर बेतते, कारण बर्फ नाल्यात खोल साठतो आणि माणूस झाडांवर आदळतो.

हिमस्खलनात सापडून मृत्यू पावलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के घटनांत तो बर्फ मृताने स्वतः किंवा त्याच्या सोबत्याने सुटवलेला असतो. हा आकडा भयंकर आहे, तसाच आशादायकही आहे. धोका आकाशातून कोसळत नसून बहुधा माणसाच्या पावलाने सुरू होतो, म्हणजेच पाऊल न टाकणे त्याच्या हाती आहे.

हातात असलेली काही मिनिटे

मोकळ्या डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन वस्तू असल्याच पाहिजेत. अंगावर बांधलेला ट्रान्सीव्हर, जो ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडतो आणि गाडलेल्याचा शोध घेऊ देतो, बर्फात खुपसून नेमकी जागा शोधण्याची घडीची लांब काठी, आणि फावडे. या तीनही वस्तू माणसाच्या स्वतःसाठी नसून सोबत्यासाठी असतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गाडला गेलेला स्वतःला खणून काढू शकत नाही. थांबलेला बर्फ काँक्रीटसारखा घट्ट होतो.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहांतील नऊ जण वाचतात, असे अभ्यास सांगतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण तिघांत एक इतके घसरते. सरकारी बचावपथक कितीही तत्पर असले, तरी इतक्या वेळात डोंगरावर पोहोचत नाही. वाचवणारे हात सोबत्यांचेच असतात. त्यामुळे धोकादायक उतार ओलांडावाच लागला, तर एका वेळी एकानेच जावे आणि इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी, असा नियम आहे. सर्वजण एकदम गेले, तर खणायला कोणी उरत नाही.

केवळ साहसी लोकांचा प्रश्न नव्हे

गुलमर्गच्या परिसराने या धोक्याची किंमत अनेकदा मोजली आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग येथे लष्कराच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे प्रशिक्षण सुरू असताना हिमस्खलनात सतरा जवानांचा मृत्यू झाला. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्गजवळ एक रशियन स्कीपटू असाच बळी गेला. गोंडोला प्रवाशाला ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर अल्पावधीत नेऊन सोडते. तेथून राखलेला उतार आणि मोकळा डोंगर यांत काही पावलांचेच अंतर असते.

स्की न लावणाऱ्यांनाही हा विषय परका नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक ते नाथुला मार्गावर पर्यटकांवर बर्फ कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा असताना काही पर्यटक पंधराव्या मैलाकडे गेल्याचे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले होते. बर्फात खेळण्यासाठी रस्त्याकडेला उतरणे ही कुटुंबांची स्वाभाविक हौस असते. लहान मुले उताराकडे धावतात, वडील मोबाइल काढतात. परंतु वर कोणता उतार आहे, हे त्या क्षणी कोणी मान उचलून पाहत नाही. त्यामुळे बर्फाच्या प्रदेशात सहलीला निघताना जिल्हा प्रशासनाचा इशारा वाचावा, मोठ्या हिमवृष्टीनंतर एक-दोन दिवस मुक्काम वाढवण्याची तयारी ठेवावी, बंद केलेला रस्ता किंवा दोर ओलांडण्यासाठी चालकाला किंवा वाटाड्याला जादा पैशांचा आग्रह करू नये आणि उंच उताराच्या पायथ्याशी गाडी थांबवू नये. परतीचे तिकीट बुडाले तर ते नुकसान काही हजारांचे असते. येथे नफ्याच्या बाजूला एका दिवसाचा आनंद आहे आणि तोट्याच्या बाजूला मुद्दलच आहे. असा सौदा कोणताही व्यापारी दुकानात करणार नाही.

आधीच आखलेली सीमा

जगभरातील हिमप्रशिक्षक एका गोष्टीवर भर देतात. आज कोणत्या उतारावर जायचे नाही, हे सकाळी घरातच, इशारा वाचून, शांत मनाने ठरवावे आणि डोंगरावर गेल्यावर तो निर्णय सैल करू नये. अधिक सावध व्हायचे असेल तर खुशाल व्हावे, पण ठरलेल्या सीमेपलीकडे जाऊ नये. तसेच गटातील सर्वांत अननुभवी माणसालाही नकाराचा अधिकार असावा. एकाने ‘नको’ म्हटले की कारण न विचारता सर्वांनी परत फिरावे.

जैन श्रावकाला ही रीत नवी नाही. दिग्व्रतात तो दाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा आखतो आणि देशावकाशिक व्रतात ती मर्यादा ठरावीक काळापुरती आणखी आवळतो. मोह समोर उभा राहण्याआधीच सीमा ठरवावी, कारण मोह समोर आल्यावर बुद्धी त्याचीच वकिली करते, हे मर्म त्यामागे आहे. ईर्यासमितीत साधू चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात, ते दुसऱ्या जिवाला इजा होऊ नये म्हणून. बर्फाच्या उतारावरही एकाच्या पावलाने सुटलेला पाटा खाली चालणाऱ्या अनोळखी माणसाला गाडू शकतो. तेथेही पाऊल केवळ स्वतःपुरते नसते.

घरातील मुलगा किंवा मुलगी बर्फाच्या डोंगरावर निघत असेल, तर बंदी घालून फारसे साधत नाही. त्याऐवजी निघण्याआधीच्या संध्याकाळी वडीलधाऱ्यांनी चार प्रश्न विचारावेत. आजचा इशारा कितव्या पायरीचा आहे? जाणार त्या उताराचा कोन किती आहे? सोबत्यांपैकी ट्रान्सीव्हर वापरून शोध घेण्याचा सराव कोणाकोणाला आहे? आणि मनात शंका आली, तर ती मोठ्याने बोलून दाखवणार ना? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शिकून मिळतात. चौथ्याचे उत्तर घरातील वळणातून येते. ज्या घरात धाकट्याने ‘मला हे पटत नाही’ म्हटले तर त्याचे ऐकून घेतले जाते, तेथील मूल डोंगरावरही तेवढेच शब्द उच्चारू शकेल, आणि कदाचित तेवढ्यानेच एखादा गट सुखरूप खाली उतरेल.